दोन्ही टोकं तपासली

काकाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटला शाळेच्या कार्यालयात दहावीचे अर्ज वर्गवार लावत होते. चुलतभाऊ म्हणाला, "बाबा गेले, सुनंदा. चहा घेतला अन् खुर्चीतच..." मी अर्जांवर वजन ठेवलं, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि काकाजींच्या गावची, जामची बस येईपर्यंत कुणाकुणाला कळवायचं त्यांची नावं लिहून काढली. मला रडायला वेळ लागतो, यादी आधी होते. त्या बाबतीत मी काकाजींचीच पुतणी.

उत्तमराव म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सैन्याच्या सिग्नल रेजिमेंटमध्ये ते टेलिफोन एक्स्चेंजवर ऑपरेटर होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. गेल्या वर्षी रेजिमेंटनं जुन्या जवानांना पत्रं पाठवली की इतिहास छापायचा आहे, आठवणी लिहून द्या. काकाजींनी टायपिंगसाठी मला धरलं. मी दर रविवारी जामला जाऊ लागले. पहिले काही रविवार नुसती रेजिमेंटची रचना समजून घेण्यात गेले. काकू शेंगा फोडत बसलेल्या असायच्या आणि काकाजी त्यांच्यापुढच्या वाट्या उचलून फरशीवर मांडायचे. ही रेडिओवाली कंपनी, ही तार टाकणारी, ही एक्स्चेंज सांभाळणारी, हे दुरुस्तीचं वर्कशॉप, हे मोटारसायकलवर डाक नेणारे. "सिग्नलवाल्याचं कौतुक कोणी करत नाई," ते म्हणायचे. "फोन लागला तं साहेबाचं नशीब, नाई लागला तं आमची चूक." काकू म्हणायच्या, "माह्या वाट्या द्या आधी. तुमच्या फौजेपायी शेंगा खाली सांडून राह्यल्या."

त्यांच्या कामाची एक शिस्त होती. संदेशाच्या वर शब्दांची संख्या लिहायची. घेणाऱ्यानं शब्द मोजायचे, मजकूर परत वाचून दाखवायचा, आणि त्यानंतरच संदेश पोचला असं धरायचं. पाठवला म्हणजे पोचला, हे त्यांना मान्य नव्हतं. घरातही तेच. "लग्नाचा होकार दोनदा बोलवून घेतला ह्याइनं माह्याकून," असं काकू सांगायच्या, आणि काकाजी गंभीरपणे मान हलवायचे.

बलबीरची गोष्ट त्यांनी मला अगदी शेवटी सांगितली. बलबीर हा गढवालचा लाइनमन. डोंगरातल्या एका ठाण्यावर काकाजी एक्स्चेंजला होते आणि पुढच्या चौकीची तार बर्फात तुटली होती. बलबीर तारेच्या कडेकडेनं गेला, तुटलेली जागा जोडली आणि तिथूनच फोन लावून म्हणाला, तुझ्या बाजूनं लागली, पुढची चौकी बोलते का बघ. काकाजींनी चौकीला एकदा घंटी दिली. उत्तर आलं नाही. माणूस बाहेर गेला असेल असं ते धरून चालले. बलबीरला सांगितलं, ठीक आहे, ये परत. आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, दोन्ही टोकं तपासली. तार आणखी पुढेही तुटलेली होती. ते संध्याकाळी कळलं, आणि बलबीरला पुन्हा जावं लागलं. तोवर बर्फ वाढलं होतं. परत आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली होती. त्याला घरी पाठवलं. बर्फानं तार दोनदा तुटली, असं सगळ्यांनी मानलं. काकाजी गप्प राहिले... निवृत्त झाले तरी गप्पच राहिले.

मी म्हटलं, "काकाजी, आता कशाला? तुमचं नाव छापून येणार आहे."  मी घरी येऊन सगळं टाइप केलं आणि तो परिच्छेद गाळला. माझ्या मते मी त्यांची अब्रू सांभाळत होते. पुढच्या रविवारी ते म्हणाले, वाचून दाखव. मी वाचलं. ते डोळे मिटून बोटांवर एकेक प्रसंग मोजत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "एक कमी हाये."

"काय कमी आहे?"

"तुले मालूम हाये काय ते. म्या तुले टाइप कराले सांगतलं बाई, निवडाले नाई."

आवाज चढला नव्हता. मी तो परिच्छेद परत घातला. त्यांना दोन प्रती हव्या होत्या, एक रेजिमेंटला आणि एक बलबीरच्या गावच्या पत्त्यावर. त्या दुसऱ्या प्रतीवर त्यांनी हिंदीत स्वतःच्या हातानं लिहिलं की चूक माझी होती, आणि खाली घरचा फोन नंबर घातला. "मले माफी नाई पायजे," ते म्हणाले. "त्याले समजलं, एवढं मले समजलं पायजे."

मी हो म्हटलं. आणि प्रती पोस्टात टाकायचं काम मी यादीत खाली ढकललं. विसरले असते तर बरं झालं असतं. मी रोज ती ओळ बघत होते आणि रोज तिच्या वर दुसरं काही लिहीत होते. वाटलं, थोड्या दिवसांनी त्यांचाच विचार बदलेल. रविवारी ते विचारायचे, "गेलं का?" मी म्हणायची, या आठवड्यात जाईल. असे तीन रविवार गेले. मग मला माझीच लाज वाटली आणि मी दोन्ही पाकिटं पोस्टात टाकली. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत.

पुण्यानुमोदन, म्हणजे काकाजींच्या मागचा बौद्ध विधी, झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी जामला थांबले होते. काकाजींच्या नावावरच्या कामांची यादी संपत आली होती. उरला होता तो बैठकीतला फोन. तो बंद करण्याचा अर्ज मी लिहीत होते, तेवढ्यात तोच वाजला. पलीकडून एक माणूस हिंदीत बोलत होता. बलबीरचा मुलगा. "पिताजी से फोन पकड़ा नहीं जाता, मैं बोल रहा हूँ. उन्होंने कहा है, उत्तम को बोलो चिट्ठी मिल गई." मी विचारलं, आणखी काही म्हणाले का?  "नहीं जी. दो बार पढ़वाई. फिर बोले, इतना ही बोलना." मी त्याला सांगितलं की उत्तम आता नाहीत. 

काकू दारात उभ्या होत्या. "कोण होतं वं?" मी सांगितलं. त्या खाली बसल्या. "वाट पाहून राह्यले होते ना वं ते. रोज विचारे, फोन आल्ता का. त्या बलबीरनं इतका उशीर काऊन केला?"

"त्यांनी नाही केला, काकू," मी म्हटलं. "मी केला." आणि तीन रविवारांचं सगळं सांगितलं, काही न गाळता.

काकूंनी माझ्या हातातला अर्ज काढून घेतला आणि घडी करून पोलक्यात ठेवला. फोन अजून चालू आहे. रोज सकाळी उठल्यावर रिसीव्हर उचलून लाइन जिवंत आहे का ते काकाजी कान लावून ऐकायचे. आता काकू ऐकतात, आणि मी तिथं असले की रिसीव्हर माझ्याकडे देतात.