मास्तरांचं घोरणं

आमच्या योगवर्गात मास्तर म्हणजे शिकवणारा माणूस नव्हे; शिकवायला बाई आहेत. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपी. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून त्यांची मान पुढे आली होती, म्हणून डॉक्टरांनी त्यांना आमच्याकडे पिटाळलं.

सकाळी सहाला शाळेच्या सभागृहात वर्ग भरतो. जागा कुणी नेमून दिलेल्या नाहीत, पण दुसऱ्याच्या जागेवर चटई टाकायची कुणाची छाती नाही. मास्तर खांबाजवळ, त्यांच्या डावीकडे सिस्टर, म्हणजे निवृत्त नर्स, आणि मागे मी. पुढे वाकताना मास्तरांचे हात गुडघ्याखाली कधी गेले नाहीत. "माझं माप आखूड बेतलंय," म्हणायचे.

शवासन मात्र त्यांचं हुकमी. बाईंनी "अंग सैल सोडा" म्हणायचा अवकाश, मास्तर घोरायला लागायचे. सिस्टर इतक्या वैतागल्या की त्यांनी जागा बदलून मागितली. बाई म्हणाल्या, "निदान एकाला तरी शवासन जमतंय." अशी तीन वर्षं गेली.

एका मंगळवारी आम्ही सगळे आडवे झालो, बाईंचा आवाज हळू झाला, आणि घोरणं काही आलं नाही. मी डोळे मिटूनच वाट पाहिली. पुढे सिस्टर उठून बसल्याची चाहूल लागली.

"मास्तर, जागे आहात?"

"हं. जरा जळजळतंय छातीत. काल जेवायला उशीर झाला."

सिस्टरांनी त्यांच्या कपाळाला हात लावला. घामानं ओलं होतं.

"हात दुखतोय?"

"पहाटेपासून. काल कात्री फार चालली."

सिस्टर ताडकन उठल्या. बाईंना गाडी दाराशी आणायला लावली. मास्तर चालत निघाले होते, त्यांना दटावून खुर्चीत बसवलं आणि आम्ही चौघांनी ती खुर्ची उचलली. "अहो, उगाच काय," असं ते लाजून म्हणत राहिले. इस्पितळात कळलं, हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. आणखी तासभर गेला असता तर सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

दोन महिन्यांनी मास्तर परत आले, बायकोला घेऊन. वहिनींनी सिस्टरांचा हात धरला तो सोडेचनात. मास्तर आभार मानायला लागले.

"आभार कसले?" सिस्टर म्हणाल्या. "रोज तुमच्यावर चिडायला कान टवकारून बसायचे, म्हणून कळलं."

वहिनी हसल्या, मग पदरानं डोळे पुसू लागल्या.

आता मास्तरांना वाकायची आसनं बंद आहेत. ते खुर्चीवर बसून श्वासाचे प्रकार करतात. वहिनीही येतात, खांबाजवळची जागा आम्ही त्यांना दिली. परवा वर्ग सुटल्यावर मी मास्तरांबरोबर दुकानापर्यंत चालत गेलो. वाटेत ते म्हणाले, "जन्मभर लोकांकडे निरखून बघणं हा माझा धंदा. खांदा किती, कंबर किती. माझ्याकडेही कुणाचं लक्ष असेल, हे मनातच आलं नव्हतं. फार बरं वाटतं हो."

मग त्यांनी कुलूप काढलं. शटर मात्र मला वर करू दिलं.