कतेरीनाबाईचं ऑक्सिमेली

परभणी स्टेशनावर गाडी हलली तेव्हा माझी बायको रेखा खिडकीसोबत पळत ओरडली, "आधी खोली बघा! खोली झाली की आलेच मी!" मागून माझ्या वडलांचा, अण्णांचा आवाज, "आन् तिथल्या लोकायशी नीट ऱ्हाय." अशा तऱ्हेनं परभणीजवळच्या झरी गावचा हा गडी ग्रीसला पोचला, हॉटेलातली भांडी घासायला.

झरीतल्या आणि झरीहून पुण्या-दुबईला पांगलेल्या मंडळींनो, त्या खोलीचंच सांगतो. पहिल्यांदा आम्ही एका खोलीत इतके जण झोपायचो की कूस बदलायची तर सगळ्यांनी एकदम बदलायची. शेवटी कतेरीनाबाई नावाची म्हातारी वरची खोली द्यायला राजी होत आली. पण आधी तिनं मला बसवलं आणि पुढ्यात ग्लास ठेवला. ऑक्सिमेली. मधात व्हिनेगर! म्हणे हजारो वर्षांपासून पितात. मला तो ग्लासच तेव्हाचा भरून ठेवलेला वाटला. वासानं भिंतीवरची पाल खाली पडली. पहिल्या घोटाला माझे दात एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. लेकराला चाटवायचा मध, त्याचे असले हाल!

पण खोली पाहिजे. मग तांब्याला तोंड न लावता पितो तसं केलं: मान मागं, ग्लास वर, धार थेट नरड्यात. जिभेला पत्ता नाही. म्हातारीनं टाळ्याच वाजवल्या. इतक्या आवडीनं तिच्या नवऱ्यानंही कधी प्यायलं नव्हतं! शेजारणी गोळा केल्या, ग्लास परत भरला. खोली मिळाली, सोबत रोज संध्याकाळचा ग्लासही.

रेखा आली. तिच्याही पुढं ग्लास. मी कुजबुजलो, "वरून ओत, जिभेला लागू देऊ नको." तिनं वास घेतला.

"शी! घोरपड मेली का काय ह्याच्यात? मी न्हाई पेत, जावा!"

ग्लास सरकवला. मला आम्ही दोघं बॅगांसकट रस्त्यावर दिसलो.

"काय म्हणते?" म्हातारीनं विचारलं.

"म्हणते, माझ्या नवऱ्याचा जीव आहे ह्याच्यावर. माझाही त्यालाच द्या."

म्हातारीचे डोळे भरून आले.

तेव्हापासून मी दोन ग्लास पितो. ढेकर दिला तर खिडकीतली कुंडी सुकते. फोनवर अण्णा विचारतात, "घरी कवा यायलाव?" मी उलट झरीच्या पावसाचं विचारतो. कारण इथं रेखा म्हातारीच्या तोंडावर नाक मुरडते, धाडकन खिडकी उघडते, शी म्हणते, आणि तिला कुणी हाकलत नाही. ती आता इथं घरी आहे. माझं म्हणाल तर मी अजून मान मागं करून बसलोय.