बदकवाल्याच्या घरातला इंग्रजीचा तास

क्वांग गुरुजींना इंग्रजी धड येत नाही, हे पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला स्वतःच सांगून टाकलं. तरुणपणी ते रशियन शिकले होते. पुढे रशियनला कुणी विचारेना आणि आमच्या तालुक्याच्या शाळेला इंग्रजीचा मास्तर मिळेना. तेव्हा चाळिशीच्या घरात आलेल्या या माणसाने रेडिओला कान लावून नव्याने मुळाक्षरं गिरवली. "मी तुमच्यापेक्षा फार तर एक धडा पुढे आहे," ते फळ्याला टेकून म्हणाले. "धावत या. पकडाल मला."

मास्तर असं बोलतो हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं. आम्ही खरोखरच धावलो.

त्यांचा 'र' शेवटपर्यंत रशियनच राहिला. हातगाडी दगडांवरून जावी तसा खडखडायचा. पोरं पाठीमागे नक्कल करायची आणि गुरुजींना ती ऐकू जायची. "माझा 'र' निदान आहे तरी," ते म्हणायचे, "तुमचा अजून जन्मायचाय." सकाळी उजाडायच्या सुमारास आम्ही सगळी शाळेच्या आवारात कापराच्या झाडांखाली उभं राहून आपापला धडा घसा फाडून वाचायचो. गुरुजी हात मागे बांधून आमच्यातून फिरायचे. एवढ्या कोलाहलातही कुणी शब्द गिळला तर त्यांना बरोबर कळायचं.

पण मी आज बोलणार आहे ते सोमवारच्या तासाबद्दल. भाषांतराच्या त्या तासासाठी प्रत्येकाने घरात ऐकलेलं एक वाक्य आणायचं, ते इंग्रजीत करायचं. मग ते इंग्रजी वाक्य दुसऱ्या कुणाला द्यायचं, त्याने ते परत चिनीत आणायचं. शेवटी मूळ वाक्य वाचायचं आणि बघायचं, जाताना काय सांडलं ते. नियम दोनच. भाषांतर करणाऱ्याने आपल्या पदरचं घालायचं नाही आणि दुसऱ्याचं गाळायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर आपणही 'मी'च म्हणायचं, जणू त्याच्या तोंडात आपली जीभ.

एकदा वर्गातल्या एका पोराने आजीचं वाक्य आणलं: "डुकराएवढं खातोस मेल्या, पण तुला बाजारात कोण घेणार?" ते परत आलं तेव्हा झालं होतं, "नातवा, तुझी भूक चांगली आहे." गुरुजी भडकले. "आजीने मिरची दिली होती, तुम्ही काकडी करून आणलीत. शिवी ही शिवीच राहिली पाहिजे. शून्य."

एकोणीसशे त्र्याण्णव संपत आलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात कॉलेजच्या प्रवेशाची परीक्षा होती. आमच्या हुनानमधल्या गावागावांतून तेव्हा पोरी ग्वांगदोंगच्या कारखान्यांत चालल्या होत्या. माझी मावसबहीण ग्वेइश्यांग तिकडे खेळण्यांच्या कारखान्यात होती. नववर्षाला ती घरी येणार आणि परत जाताना मला घेऊन जाणार, असं बाबांनी ठरवून टाकलं. मला विचारलंही नाही. आमचे बाबा बदकं पाळायचे. दिवसभर शेतातल्या पाण्याकाठी त्यांच्याशी बोलत असायचे. घरी आले की बोलणं संपलेलं असायचं.

त्या सोमवारी मी बाबांचं वाक्य नेलं: "नववर्ष झालं की आमची दोंगल्यान कारखान्यात जाईल. इंग्रजी ऐकून बदकं काही जास्त अंडी घालत नाहीत."

ते परत चिनीत आलं तेव्हा जसंच्या तसं होतं. वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. "पूर्ण गुण," एवढंच म्हणाले आणि पुढच्या पोराकडे वळले. मला वाटलं, संपलं. यांनाही काही पडलेलं नाही.

रविवारी ते आमच्या दारात उभे. बुटांना घोट्यापर्यंत चिखल.

बाबांनी त्यांना शेकोटीजवळ बसवलं. आईने आलं, मीठ आणि भाजलेले सोयाबीन घातलेला चहा दिला. बाबा म्हणाले, "गुरुजी, आलात, आनंद आहे. जेवूनच जा. पण शाळेचा विषय या घरात काढायचा नाही."

"नाही काढत," गुरुजी म्हणाले. आणि लगेच इंग्रजीत काहीतरी बोलले, माझ्याकडे बघून.

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी घाबरत सांगितलं, "'लेइभाऊ, मी या पोरीची तोंडी परीक्षा घ्यायला आलोय. आता मी इंग्रजीतच बोलेन. तुम्ही आपल्या बोलीत बोला. मधलं सगळं ही बघेल.'"

"वेड लागलंय का यांना? पलीकडच्याच गावचे ना हे?"

हेही मला इंग्रजीत सांगावं लागलं. गुरुजींनी मान डोलावली, जणू त्यांना ते आत्ताच कळलं.

बाबा खवळले. "सांग त्यांना, तुमचं इंग्रजी तुम्हाला लखलाभ. सगळी पोरं मास्तरांनी नासवली. ना शेताची राहिली ना घराची."

मी सांगितलं, "'गुरुजी, इंग्रजी चांगलं आहे, पण आमच्या घराला ते जमण्यासारखं नाही.'"

गुरुजी इंग्रजीत म्हणाले, "तुझा बाप इतकं गोड बोलला? मी तर इथेच बसलोय. पुन्हा सांग."

"आता काय म्हणाले?" बाबांनी विचारलं.

मी तेही सांगितलं. स्वयंपाकघरातून आईचं हसू फुटलं. बाबांनी तिकडे डोळे वटारले, पण त्यांच्या मिशा हललेल्या मी पाहिल्या. मग मी त्यांचं वाक्य नीट, सगळ्या मिरचीसकट इंग्रजीत सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी बाबांचा एकेक शब्द एवढा कान देऊन ऐकत होते. आणि तेही बघत होते, मी त्यांचं काही गाळतेय का.

गुरुजींनी विचारलं आणि मी बाबांना सांगितलं: "'लेइभाऊ, पोरगी हुशार आहे, हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. मग भीती कसली वाटते?'"

बाबा बराच वेळ निखारे उकरत राहिले. मग खाली बघूनच बोलले. "माझा धाकटा भाऊ शिकला. आमच्या घरातला तो एकटाच. शहरात गेला, मोठा झाला. आई गेली तेव्हा तार केली. मातीलाही आला नाही. कारखान्यातल्या पोरी बघा, दर नववर्षाला गाडीच्या दाराला लटकून का होईना, येतात. शिकलेलं माणूस येत नाही. कारखान्यात गेलेली पोर लांब जाते. शिकलेली हरवते. मला ही हरवायची नाहीये."

बाबांच्या तोंडून मी असलं काही कधी ऐकलं नव्हतं. आणि आता मला तेच म्हणायचं होतं, 'मी' म्हणून. मी म्हटलं, मला माझी मुलगी हरवायची नाहीये. दोनदा आवाज गेला. गुरुजी गप्प बसून राहिले. मदतीला आले नाहीत आणि घाईही केली नाही. त्या गप्प बसण्याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

मग बाबा म्हणाले, "आता तिला विचारा." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. "विचारा तिला, परत येईल का."

गुरुजींनी मला इंग्रजीत विचारलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं. म्हटलं, दर नववर्षाला येईन, कुठेही असले तरी, आणि बाबा, तुम्ही आजारी पडलात तर मध्येच येईन, तारेचीही वाट बघणार नाही. त्या वेळी मी किती चुका केल्या असतील कुणास ठाऊक. रडत होते.

बाबा उठले. आईला म्हणाले, "ग्वेइश्यांगकडे निरोप धाड. ल्यान येत नाहीये म्हणावं."

आई हात पुसत बाहेर आली. "अहो, पण पोरगी काय बोलली ते तर समजून घ्या. तिने अजून आपल्या बोलीत सांगितलंच नाही."

"ऐकलं की," बाबा म्हणाले आणि बदकं कोंडायला गेले.

गुरुजी पोटभर जेवले. निघताना मी बांधापर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि म्हटलं, "गुरुजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"माझे कसले?" ते आपल्या बोलीत म्हणाले. "बापाला शब्द दिलायस. तो मोडलास तर मला तोंड दाखवू नकोस."

तो मी मोडलेला नाही. आता चांगशा शहरात असते. परदेशी व्यापारी आणि आमच्याकडचे कारखानदार यांच्यामध्ये बसून दोघांचं एकमेकांना सांगते, काही न गाळता. गुरुजी गेले, बाबाही गेले. नववर्षाच्या आदल्या दिवशी घरी पोचते, तेव्हा देवळीसमोर पितरांचं पान मांडलेलं असतं. बाबांच्या वाटीशेजारी मी गुरुजींची वाटी ठेवते. आई दर वर्षी कुरकुरते, "मास्तर कुठे आपल्या कुळातला?" आणि दर वर्षी भात आधी त्याच वाटीत वाढते.