राष्ट्रपती व्हायला काय लागतं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. आमच्या ह्यांच्यापाशीसुद्धा नाही — आणि त्यांना तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी ताट वाढायच्या आधी सांगून टाकते. तुम्हालाच का सांगतेय? कोण जाणे.

तशी मी सुखात आहे हं. बारामतीत छोटंसं घर, दारात जास्वंद. जुने विद्यार्थी भेटले की वाकून नमस्कार करतात, बाईंचा शब्द म्हणजे शब्द म्हणतात. तिथंच तर गोम आहे.

निरवांगीच्या बाजूला एका शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचे. सातवीत शाहीन होती — बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या इस्माईलभाईंची मुलगी. ते आधी मस्कतला कामाला होते, ती तिथंच जन्मलेली. एकदा वर्गात उठून म्हणाली, मी राष्ट्रपती होणार. आणि मी — काय तो ठसका माझा! — सांगितलं, तुला नाही होता यायचं, जन्म भारतातच व्हावा लागतो. अमेरिकेचा नियम कुठंतरी वाचलेला, तो आपल्याला चिकटवून मोकळी झाले.

घरी पुस्तक उघडलं. भारताचा नागरिक, पस्तीस वर्षं पूर्ण, लोकसभेवर निवडून येण्याची पात्रता. जन्म कुठं झाला, याबद्दल अक्षर नाही. चूक कुणाची होत नाही? दुसऱ्या दिवशी एक वाक्य बोलले असते, की संपलं असतं.

पण दुसऱ्या दिवशी इस्माईलभाईच शाळेत आले. लेकीचा पासपोर्ट, दाखले, सगळं पिशवीत घालून. "बाई, पोरगी जेवली न्हाय. आमी हितलंच हाय की. कुठला कागद कमी पडतोय, तेवढं सांगा."

मुख्याध्यापक समोर बसलेले. मला खरं ठाऊक होतं — रात्रीच वाचलेलं — आणि मी म्हणाले, "भाई, नियम आहे. माझ्या हातात काय?" माझा शब्द चुकला असं मुख्याध्यापकांसमोर व्हायला नको होतं, एवढंच. इस्माईलभाईंनी पिशवीला गाठ मारली, माझे आभार मानले आणि गेले.

सहामाहीत शाहीननं पात्रतेत पहिलं हेच लिहिलं — जन्म भारतात. मी बरोबरची खूण केली. हात जरासुद्धा अडखळला नाही, याचीच मला आज जास्त लाज वाटते.

गेल्या महिन्यात ती पेढे घेऊन आली. नवरा मस्कतला नोकरीला, संसार तिकडंच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीतच. पण दुसऱ्यालाही ती सातव्या महिन्यात एकटी विमानात बसून इकडं आली. बाळ दीड महिन्याचं झालं, बापानं अजून फोनवरच पाहिलंय. माझ्या मांडीवर ठेवून हसली. "बाई, दोघीबी पोरी हितंच जन्मल्यात. आता तुमचा नियम आडवा येत न्हाय."

बाळानं माझं बोट घट्ट धरलं होतं. मला फार बरं वाटत होतं, तेही खरं.

मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बरं केलंस."