बाल्कनीचा पाचवा फूट

मला राग आला की माझा आवाज चढतो, आणि आवाज चढला की आमच्या नालासोपाऱ्यातले कावळे जागा बदलतात. हे मी म्हणत नाही, शेजारी म्हणतात. त्या रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला जो राग आला, त्याने अर्नाळ्याच्या किल्ल्यावरचे बगळे उडाले ते थेट डहाणूला जाऊन बसले. पुरावा म्हणून बगळे मागू नका. बाकीची हकिगत मात्र खरी आहे, कारण तिच्यापायी अख्खी इमारत अजून माझ्याशी धड बोलत नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. इमारत कशी दिसेल ते आर्किटेक्ट ठरवतो. ती उभी राहील की नाही, ते माझ्यासारखे ठरवतात. आमची स्वतःची तीन मजली इमारत म्हातारी झाली होती. खालचे कॉलम खाऱ्या हवेने खाल्ले होते, सळ्या बरगड्यांसारख्या बाहेर आल्या होत्या. म्हणून ती पुनर्विकासाला दिली. जुनी पाडायची, बिल्डरने नवी उंच बांधायची, आम्हाला त्यात घरं द्यायची आणि वरचे मजले विकायचे. तोवर आम्ही सगळे भाड्याच्या घरांत पांगलो. करारात एक कलम होतं: नव्या इमारतीच्या नकाशांवर बिल्डरच्या कन्सल्टंटची सही हवी, आणि सोसायटीच्या वतीने माझी. इंजिनिअर फुकटात मिळाला म्हणून तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

जुन्या इमारतीचं डिझाइन ज्याने केलं, त्या गृहस्थाचा हात सढळ. चार सळ्या पुरतील तिथे सहा घालायचा, वर आणखी दोन ‘असू देत’ म्हणून. कॉलम गेले ते आमच्या हेळसांडीने, पण बाल्कन्या! पाडायला मशीन आलं, त्याचा दात पहिल्याच बाल्कनीत मोडला. ऑपरेटर खाली उतरला, बाल्कनीला लांबून नमस्कार केला आणि जेवायला निघून गेला.

तशा बाल्कन्या आम्हाला लागतातच. आमच्याकडे बाल्कनी हवा खायला नसते. नळाला पाणी येतं ते त्याच्या मर्जीने. एक दिवस येतं, दुसऱ्या दिवशी रुसतं, तिसऱ्या दिवशी शिंक आल्यासारखं येऊन जातं. म्हणून घरोघरी बाल्कनीत निळी पिंपं. तीही अगदी कठड्याला लागून, कारण टँकरचा पाइप खालून तिथेच वर ओढून घेता येतो. काठोकाठ भरलेली, वर जुनं ताट झाकलेलं. विमानातून बघितलं तर नालासोपारा निळा दिसतो आणि परदेशी पाहुण्यांना वाटतं, समुद्र इथपर्यंत आला.

मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर आम्ही मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसलेलो. समोर बिल्डरशेठ. त्यांच्या बोटांत इतक्या अंगठ्या की त्यांनी हात हलवला की फळ्यावर उजेड नाचे. शेजारी त्यांचा कन्सल्टंट, पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला, बाहेरून शिकून आलेला. त्याने लॅपटॉप लावला आणि भिंतीवर आमची नवी इमारत उगवली. रंगीबेरंगी, होळीतून आल्यासारखी.

“हे ऑप्टिमायझेशन आहे,” तो म्हणाला. “जिथे लाल, तिथे मटेरियलवर जोर जास्त. जिथे निळं, तिथे मटेरियल आळशी बसलंय. आपला प्रोग्राम एका रात्रीत हजारो डिझाइन करून बघतो आणि आळशी मटेरियल कापत जातो.”

त्याने बटण दाबलं. इमारत आमच्या डोळ्यांदेखत बारीक होऊ लागली. बीम सडपातळ झाले, कॉलम अंग चोरून उभे राहिले, स्लॅब पापडाच्या वाटेला लागले. शेवटी कुठेही निळं उरलं नाही. सगळी इमारत नारिंगी. प्रत्येक बीम घामाघूम, प्रत्येक सळई दमलेली, घटकाभर टेकायला कोणालाच जागा नाही.

“आणि सगळं बांधकामाच्या सरकारी कोडप्रमाणे पास,” तो म्हणाला. ते खरं होतं. माझ्या रागाची गंमत तीच आहे. पोरगा खोटं बोलत नव्हता.

मग शेठ उठले. “बघा, इतना लोखंड वाचला, तो मी एकटा खाणार नाही. तुमच्या सगळ्यांच्या बाल्कन्या चार फुटांच्या होत्या ना? त्या मी पाच फुटांच्या करून देतो!”

वर्गात जो जल्लोष झाला, तसा तिथे शाळा सुटतानाही होत नसेल. आमच्या समोरच्या घरातल्या वहिनी बाकावरून उठल्याच. “पाच फूट! अगो बाई, म्हणजे पिंपांची दुसरी रांग बसेल!”

सगळे हसले. कन्सल्टंटही हसला, पाहुणा हसतो तसा. मी हसलो नाही.

“साहेब,” मी विचारलं, “तुम्ही ह्या बाल्कनीवर वजन किती धरलंय?”

“कोडप्रमाणे. चौरस मीटरला तीनशे किलो.”

“आणि पिंप?”

“कसलं पिंप?”

“पाण्याचं! भरलेलं पिंप दोनशे किलोचं असतं आणि पाटाएवढ्या जागेत उभं राहतं. अशी एक रांग कठड्याला, म्हणजे पार टोकाला, जिथलं वजन बाल्कनीच्या मुळावर सगळ्यात जास्त ओढतं; तिच्या मागे ह्या वहिनींची दुसरी. वर लोखंडी जाळीचा पिंजरा, कारण इथे पिंजरा नसलेली बाल्कनी मी अजून पाहिली नाही. वॉशिंग मशीन. गणपतीत झोपायला जागा नाही म्हणून गादी टाकलेला मेव्हणा. हे सगळं कुठे आहे तुमच्या त्या नारिंगी चित्रात?”

“सर, पिंप हा लोड कोडमध्ये नाही.”

“पिंप नालासोपाऱ्यात आहे!” मी ओरडलो. बगळे उडाले ते ह्याच वेळी.

मी संगणकाचा वैरी नाही. माझ्याही ऑफिसात तो आहे, आणि आकडेमोडीत तो मला रोज उताणा पाडतो. पण तो सांगितलेल्याच वजनाचा विचार करतो. पूर्वी माणूस हाताने डिझाइन करायचा, तेव्हा न सांगितलेल्या वजनासाठीही थोडी जागा उरायची. भीतीने उरायची, अंदाजाने उरायची, कधी निव्वळ कंटाळ्याने. त्या उरलेल्या जागेवर आमची पिंपं इतकी वर्षं उभी होती. ह्या प्रोग्रामने नेमकी तीच जागा खरवडून काढली होती, आणि खरवडून काढलेल्याचा फूटभर तुकडा आम्हाला बक्षीस म्हणून वाटला जात होता. वाटणारा हसत होता, घेणारे टाळ्या पिटत होते. मला कोणाकोणाला आधी हाणावं ते कळेना.

“पिंपं घाला त्यात,” मी म्हणालो. “आत्ता. सगळ्यांसमोर.”

“सर, असं लगेच...”

“हजारो डिझाइन एका रात्रीत करतो ना तो? मग माझी चार पिंपं त्याला जड झाली?”

पोरगा स्वाभिमानी निघाला. त्याने बाह्या सरसावल्या, कठड्याला लागून दोन रांगा मांडल्या, पिंजरा मांडला आणि बटण दाबलं. इमारतीच्या पोटातून निघणारी प्रत्येक बाल्कनी मुळापासून लाल झाली. मिरचीसारखी लाल. आता तरी डोकी ठिकाणावर येतील, असं मला वाटलं.

शेठ अजिबात डगमगले नाहीत. “काय टेन्शन घेता? आपण प्रत्येक मजल्यावर पाटी लावू. बाल्कनीत पिंप ठेवण्यास सक्त मनाई. बात खतम.”

“आणि पाणी कुठे ठेवायचं? तोंडात धरून बसायचं?”

“नव्या बिल्डिंगला चोवीस तास पाणी आहे, साहेब.”

ह्या वाक्यावर कावळासुद्धा हसला असता. आमची माणसं मात्र हसली नाहीत. भाड्याच्या घरात राहून माणसाचं हसणं आटतं. “साहेब, किती अडवणार?” मागून कोणीतरी म्हणालं. “आम्ही ठेवणार नाही पिंपं. बस्स?” दुसरा म्हणाला, “ह्यांना सवयच आहे खोट काढायची.” वहिनी म्हणाल्या, “भावजी, माझी सासू भाड्याच्या घरात मरायला नको म्हणते. तुम्ही सही करा, पिंपांचं आम्ही बघतो.”

शेठनी संधी साधली. “पाच फुटी बाल्कनी आणि पाटी. मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

हातांचं जंगल उगवलं. आणि पहिल्या बाकावर, हिरव्या बांगड्यांचा एक हात मी लांबूनही ओळखला. आमच्या हिचा.

मी सही करणार नाही म्हणून सांगितलं आणि बाहेर पडलो. शेठ मागून म्हणाले, “करार बदलू. दुसरा इंजिनिअर मिळतो, साहेब.” हेही खरंच होतं. त्या दिवशी मेले सगळे खरंच बोलत होते.

परतीच्या रिक्षात मी गप्प. माझं गप्प बसणं ओरडण्यापेक्षा वाईट, असं ही म्हणते. एव्हरशाईन सिटीच्या कमानीपाशी तिनेच तोंड उघडलं.

“बोला एकदाचं.”

“तूसुद्धा?”

“हो, मीसुद्धा. भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकिणीला विचारावं लागतं. फोडणीचा वास गेला तर खालून फोन येतो. मला माझ्या घरी जायचंय.”

“ते घर लाल होतंय, दिसलं नाही तुला?”

“दिसलं ना. मी काय आंधळी आहे? पण अहो, पाटी लागली म्हणून आपण पिंप ठेवणार नाही का? ठेवणारच. ते मलाही माहीत आहे आणि हात वर करणाऱ्या प्रत्येकाला.” तिने पदराने तोंड पुसलं. “तुम्ही थांबवणार हे ठाऊक होतं म्हणून तर सगळ्यांनी निवांत हात वर केले.”

असा संताप मला जन्मात आला नव्हता. म्हणजे मनासारखं मत ह्यांनी द्यायचं, आणि शिव्या खायला मला ठेवायचं! मी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडलो. त्या बिचाऱ्याने मीटरप्रमाणेच सांगितलं होतं.

पुढचे दिवस मी त्या संतापावरच जगलो. जेवण फक्त चवीला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझ्या नावाने जे काही आलं, ते इथे लिहिलं तर कागद करपेल. ‘विकासाचे शत्रू’ ही त्यातली सगळ्यात मायेची शिवी. आणि करार बदलण्याची तयारी चालू झाली होती.

तेव्हा कन्सल्टंटचा फोन आला.

“सर, मी नकाशांचा फायनल सेट अजून साइन केला नाहीये.”

“मग करा. तुमचं पास आहे ना?”

“पास आहे, सर. पण मी काल साइटवर आलो होतो. आजूबाजूच्या बिल्डिंगी बघितल्या. एक बाल्कनी अशी नाही, सर, की जिच्यात पिंप नाही. पाटी लावलेल्या बिल्डिंगमध्ये तर पाटीच्या खालीच पिंप आहे.”

“मग?”

“मग काय. शेठ म्हणतात पिंप काढून रन कर. पण आता कसं काढू? मला माहीत आहे ना ते आहे.” आवाजात चीड होती, माझ्याइतकीच. “तुम्ही तेव्हा ओरडायच्या आधी नीट सांगितलं असतं तर बरं झालं असतं.”

“तुम्ही नीट विचारलं असतं तर मी ओरडलोच नसतो.”

त्याच्या ऑफिसात आम्ही एकमेकांवर खेकसत तेच डिझाइन पुन्हा लावलं. पिंपं खरी धरली, पिंजरा खरा धरला, मेव्हणासुद्धा धरला. प्रोग्राम तोच, लॅपटॉप तोच. ह्या वेळी वजन खरं होतं, म्हणून त्याने उत्तरही खरं दिलं: बाल्कनी चार फुटांचीच, स्लॅब जाड, सळ्या दाट. पाचवा फूट त्याने हवेत सोडून दिला. बाकीच्या इमारतीत मात्र त्याने इतकं शहाणपणाने लोखंड वाचवलं की मी मनातल्या मनात टोपी काढली. उघड काढली नाही. पोरगा डोक्यावर बसला असता.

दोघांच्याही सह्या नाहीत म्हटल्यावर शेठची पंचाईत झाली. इंजिनिअर बदलता येतो, पण स्वतःच्याच कन्सल्टंटने हात वर केल्यावर नवा माणूस पहिला प्रश्न तोच विचारणार. ते माझ्या ऑफिसात आले, तीन कप चहा प्याले, मला ‘पागल आदमी’ म्हणाले आणि चार फुटांना तयार झाले. नंतर वरच्या मजल्यांच्या जाहिरातीत त्यांनी ‘खास मजबूत बाल्कनी’ असं मोठ्या अक्षरांत छापलं. ते पाहून मी जे बोललो ते आमच्या हिने खिडक्या बंद करून ऐकलं.

आता आम्ही सगळे परत आलोय. चोवीस तास पाणी पहिले काही आठवडे आलं, मग त्याची मूळची तब्येत परतली. पिंपंही परतली, कठड्यापाशी. कोणी माझे आभार मानले असतील तर ते माझ्या कानावर आलेले नाहीत. पाहुणे आले की लोक त्यांना बाल्कनीत नेतात, पिंजऱ्याबाहेर बोट काढतात आणि हवेत दाखवतात: “इथपर्यंत येणार होती.” आमच्या घरात ही कपडे वाळत घालायचा स्टँड आडवा बसत नाही म्हणून रोज माझ्याकडे बघते, बोलत नाही.

समोरच्या वहिनी बोलतात. परवा पाणी आलं तेव्हा त्यांच्या बाल्कनीतून पाइपाचं तोंड हातात धरून ओरडल्या, “भावजी, आमचा एक फूट खाल्लात तुम्ही!”

“खाल्ला!” मीही ओरडलो. “आणि तिथे तीन पिंपं उभी आहेत ती पुरे झाली! चौथं मांडू नका!”

“मांडणार!” म्हणाल्या, आणि खडखडत चौथं ओढून आणलं, कठड्यालाच टेकवलं आणि माझ्याकडे बघत भरायला लावलं.

मी तणतणत आत आलो. चौथं पिंप मी हिशेबात धरलेलं आहे; ह्या बाईंना मी आजचा ओळखत नाही. पण हे त्यांना सांगायची सोय नाही. सांगितलं, तर पाचवं आणतील.