वखारीतली मधली भिंत

आमची गुळाची वखार नाशकात, सराफ बाजाराकडून गंगेवर उतरणाऱ्या एका गल्लीत होती. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. बाहेरच्यांना हसायचं तर हसू दे. वखारीचं तोंड बाजाराकडे आणि पाठ नदीकडे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, आत सागवानी खांबांच्या दोन रांगा. छपराचा सगळा भार त्या खांबांवर, भिंती नुसत्या आडोशाला. वर फळ्यांचा माळा, माळ्याला चौकोनी झडप आणि झडपेवर तुळईला टांगलेली लोखंडी कप्पी. गुळाच्या ढेपा दोराने वर ओढायच्या. भर उन्हाळ्यातही आत पाऊल टाकलं की गार वाटायचं. मुंगळे चावायचे ते वेगळं.

पण त्या वखारीची खरी अक्कल तिच्या मोऱ्यांत होती. पुढच्या आणि मागच्या भिंतीत, जमिनीलगत, समोरासमोर वीतभर भोकं ठेवलेली. घुशी शिरू नयेत म्हणून वर्षभर त्यांत लाकडी दट्टे बसवलेले असत. पूर आला की दट्टे काढायचे. मला लहानपणी वाटायचं, हे काय उलटंच? पूर आल्यावर लोक दारं लावतात, आम्ही उघडतो! बाबा समजवायचे की बाहेर जेवढं पाणी तेवढंच आत असलं, तर भिंतीला ढकलायला कोणी उरत नाही. नदी मागून येते, पुढून जाते, वखार जागेवर राहते.

याचे नियम ठरलेले होते. गंगेच्या पात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की ढेपा माळ्यावर चढवायच्या. कमरेला लागलं की दट्टे काढायचे, दोन्ही दारं सताड उघडायची आणि मागच्या उंबऱ्यावर आईने गंगेची खणानारळाने ओटी भरायची. घरी आलेल्या माहेरवाशिणीच्या तोंडावर कोणी दार लावतं का? मग आम्ही माळ्यावर जाऊन बसायचो. मी झडपेशी पालथी पडून खाली खांबांमधून फिरणारं गढूळ पाणी बघायचे. भीती म्हणून वाटायची नाही. पाणी गेलं की गाळ उपसायचा आणि पुन्हा धंदा सुरू.

नव्वदचं दशक सरता सरता वाटणी झाली. भांडण नव्हतं हो, असतं तर बरं झालं असतं, कोणीतरी ओरडून खरं बोललं असतं. मोठ्या काकांच्या मुलांना साड्यांचं दुकान काढायचं होतं, गुळात कोणाला रस राहिला नव्हता. नात्यातले पंच बसले, चहा-चिवडा झाला. बाजाराकडचा अर्धा भाग थोरल्याचा मान म्हणून काकांना, नदीकडचा आम्हाला, आणि मध्ये आडवी भिंत. मी चहाचे कप उचलत होते. राहवलं नाही, विचारलं, मग पुराचं पाणी जाणार कुठून? एक पंच हसले. वर एवढं मोठं धरण आहे, आता कसला पूर, म्हणाले. आणि पोरी, तू आपली सासरची काळजी कर. सगळे हसले. बाबा जमिनीकडे बघत बसले. तेवढ्याने माझ्या बोलण्याची वासलात लागली.

भिंत सिमेंटची झाली, आत सळया घालून, जमिनीपासून माळ्यापर्यंत. काकांकडे चकचकीत फरशी आली, मालाला उंच फळ्या आल्या, काच आली, शटर आलं. त्यांच्या बाजूच्या मोऱ्या बुजल्या. साड्यांच्या दुकानात घुशी कोणाला हव्यात? जिना त्यांच्या वाटणीत गेला, झडप आणि कप्पी आमच्या. आम्ही एक लोखंडी शिडी लावली. माळा तेवढा मोकळा राहिला होता, तो वाटायचा पुढे बघू म्हणाले. बाबांनी त्या नव्या भिंतीला टेकून एकही ढेप कधी रचली नाही. सिमेंटने गूळ पाझरतो म्हणायचे. खरं कारण मला ठाऊक होतं.

पुढे काही वर्षांनी तो पाऊस आला. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात काम करायचे. रस्ते तुंबले म्हणून सुट्टी दिली, तशी मी वखारीत आले. धरणातून पाणी सोडलं होतं. सकाळी मारुतीचे गुडघे बुडाले, दुपारी कंबर. हमालांची स्वतःची घरं पाण्यात, ते कसे येणार? आम्ही तिघांनी कप्पीने ओढून ओढून जेमतेम अर्ध्या ढेपा वर घेतल्या. मग बाबांनी सवयीप्रमाणे दट्टे काढले, मागचं दार उघडलं. आई ओटीचं ताट घेऊन उभी राहिली.

पाणी आत आलं. मधल्या भिंतीपर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. त्याला पुढे जायला वाटच नव्हती. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं.

तेवढ्यात झडपेतून काका दिसले. आपल्या जिन्याने माळ्यावर चढून आले होते, चेहरा पांढराफटक. भिंतीच्या बुडातून दुकानाच्या फरशीवर पाणी झिरपायला लागलं होतं.

"अरे, मोऱ्या बंद कर," ते म्हणाले. "ही भिंत दुकानात कोसळेल. पोरांचा दिवाळीचा सगळा माल आहे रे खाली."

"दादा, बंद केल्या तर माझी मागची भिंत जाईल," बाबा म्हणाले.

"मग मी काय करू? तूच सांग."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी म्हटलं, पहार आणा, मधल्या भिंतीला खाली भोकं पाडा, शटर उघडा, जाऊ दे पाणी. साड्या भिजतील, पण वखार तरी वाचेल. कोणी ऐकलं नाही. ऐकून तरी काय करणार होते? सळया घातलेलं सिमेंट होतं ते, आणि पाणी मांड्यांपर्यंत चढलेलं. काकांना वाईट म्हणायची सोय नव्हती, ते रडत होते. आपलेच दात, आपलेच ओठ.

बाबांनी जन्मात थोरल्या भावाचा शब्द मोडला नव्हता. त्यांनी पाण्यात वाकून, चाचपडत एकेक दट्टा परत ठोकला. मग मागचं दार लावलं. आईच्या हातात ताट तसंच होतं. गंगेच्या तोंडावर दार लावलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही शिडीने वर गेलो. चौघं झडपेशी बसलो. आतलं पाणी होतं तिथेच राहिलं, बाहेरचं चढत गेलं. मागच्या भिंतीतून आधी चुन्याची माती गळू लागली, मग दोन-तीन विटा सुटल्या. बाबांनी डोळे मिटून घेतले. भिंत आत पडली तेव्हा आवाज झाला तोही फार मोठा नाही. तिच्या मागोमाग अख्खी नदी वखारीत शिरली. उरलेल्या ढेपा बुडाल्या. पाणी जाऊन मधल्या भिंतीवर आदळलं.

आम्ही सगळे त्या भिंतीकडे बघत होतो. आता ती जाणार, हे कोणी सांगायला नको होतं. पाणी तिच्यावर धडका देत राहिलं, छातीइतकं चढलं. ती हलली नाही.

जी भिंत सगळ्या नदीला पुरून उरली, ती मोऱ्यांतून येणाऱ्या पाण्याने काय पडणार होती? दट्टे काढलेलेच राहिले असते तर दोन्ही भिंती उभ्या राहिल्या असत्या. हे मला कळलं, आईला कळलं. काकांनाही कळलं असणार, कारण ते तोंडावर उपरणं धरून हुंदके देत होते.

बाबांनी डोळे उघडले. मागच्या बाजूला उघडी नदी दिसत होती, तिकडे त्यांनी पाहिलंच नाही.

"दादा," त्यांनी विचारलं, "तुझा माल कोरडा आहे ना?"

काकांनी मान हलवली. कोरडाच होता.