सदर इसमास काही मिळू नये

खांदा कॉलनीतल्या अरुंधतीला माणसं फारशी आवडत नसत, आणि हे ती लपवतही नसे. सोसायटीचा सेक्रेटरी तिच्या लेखी बिनडोक, बँकेतला तिचा साहेब शेळपट, सख्खा भाऊ सत्यजीत बायकोच्या ताटाखालचं मांजर. पण या सगळ्यांना पुरून उरेल इतकी तुच्छता तिने एकट्या सुशांतसाठी राखून ठेवली होती. घटस्फोटाला आठ वर्षं झाली तरी ती त्याचं नाव घेत नसे. 'तो प्राणी' म्हटलं की चौदा वर्षांच्या रेवाला समजायचं, बाबांविषयी चाललंय.

त्या प्राण्याने आजवर पाण्याचे फिल्टर विकले, अळिंबी पिकवून बघितली, आणि आता सुकापुरात भाड्याने राहून तो लोकांच्या हळदीच्या मांडवांवरून ड्रोन उडवत असे. "लोकांच्या पोरींच्या हळदी बरोबर दिसतात याला," अरुंधती म्हणायची, "स्वतःच्या पोरीची फी तेवढी दिसत नाही." रेवा मान हलवायची. मायलेकींचं एकमत आहे, याचं अरुंधतीला फार समाधान वाटायचं.

दिवाळीनंतर तिच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही. डॉक्टरांच्या शब्दावर विसंबणारी ती नव्हेच. लगेचच्या रविवारी तिने मृत्युपत्र लिहायला घेतलं, आणि मग तिचा हात जो सुटला तो सुटलाच. सदर इसमाने संसाराची कशी धूळधाण केली, सदर इसमाच्या आईने त्याचे कान कसे भरले, सदर इसमास फ्लॅटमधला चमचासुद्धा मिळू नये. भाषा बँकेतली, मजकूर मात्र बँकेत चालणार नाही इतका झणझणीत. शेवटी उरलेल्या जागेत, फ्लॅट आणि ठेवी रेवाला.

हे घेऊन ती एसटी स्टँडजवळच्या वकील कादंबरी घरत यांच्याकडे गेली. वकीलबाई वयाने बऱ्याच लहान, तेव्हा त्यांच्याविषयीही तिचं मत झालेलंच होतं.

"मॅडम, याची गरजच नाही," सगळं वाचून कादंबरी म्हणाली. "डिव्होर्स झालाय, ते तुमचे वारस नाहीत. ज्याला हक्कच नाही त्याला बेदखल काय करणार?"

अरुंधतीला हे मुळीच आवडलं नाही. इतका जोर लावून ज्याला हाकललं, तो दारात उभाच नव्हता.

"खरा प्रश्न वेगळा आहे. तुम्हाला काही झालं तर अठरा वर्षांची होईपर्यंत रेवा राहणार कुणाकडे?"

"माझ्या भावाचं नाव घाला."

"घालते. पण वडील हयात आहेत, नुसत्या लिहिण्याने त्यांचा हक्क जात नाही. वाद झालाच तर कोर्ट मुलीला विचारेल. तिची इच्छा काय आहे?"

"ती मला चांगली माहीत आहे," अरुंधती तोऱ्यात म्हणाली. पण ऑपरेशनचं जे भय वाटलं नव्हतं ते आता वाटलं. आपण गेलो तर पोर त्या प्राण्याच्या घरात.

घरी येताच तिने रेवाला समोर बसवलं. "मला काही झालं आणि तुला कुणी विचारलं, तर सत्यजीतमामाकडे राहायचंय असं स्पष्ट सांगायचं. कळलं?"

"मी बाबांकडे राहीन," रेवा म्हणाली.

"त्या प्राण्याकडे? आजवर तूच म्हणत आलीस ना, की..."

"मी काहीच म्हटलं नाही, आई. तू म्हणायचीस. मी मान हलवायचे."

"का पण?"

"तुला जी माणसं आवडत नाहीत त्यांना तू घरात ठेवत नाहीस. मला इथे राहायचं होतं."

अरुंधतीकडे प्रत्येकासाठी एक शब्द तयार असायचा. रेवासाठी तो 'शहाणी' होता. आठ वर्षं ही पोर भीतीपोटी आपल्या बाजूने उभी होती, आणि आपण तिला शहाणी म्हणत होतो. तिला स्वतःची शिसारी आली.

ऑपरेशनच्या आधी ती पुन्हा वकीलबाईंकडे गेली आणि रेवाने वडिलांकडे राहावं, असं तिने लिहून घ्यायला सांगितलं.

"हे मनापासून सांगताय ना?" कादंबरीने विचारलं.

"नाही," अरुंधती म्हणाली. "पण मी मेल्यावर तरी तिला मला घाबरायला लागू नये."